कुणाच्या वहीत आपलं नाव

भाचीला नॉन-क्रिमी लेअरचा दाखला हवा होता, म्हणून जूनमध्ये तिच्याबरोबर तालुक्याच्या ई-सेवा केंद्रात जाऊन बसले. बाहेर पाऊस, आत ओल्या रेनकोटांचा आणि लॅमिनेशनच्या गरम प्लास्टिकचा मिसळलेला वास, आणि बाकांवर मांडीवर फायली घेऊन बसलेली निम्मी पंचक्रोशी. कॉम्प्युटरवरचा मुलगा चलाख होता. एका हाताने झेरॉक्सचं झाकण उघडमीट करत दुसऱ्या हाताने फॉर्म भरत होता. मोबाइल नंबरच्या रकान्यात त्याने नुसता नऊचा आकडा दाबला आणि ब्राउझरने आधी भरलेल्यांची यादी खाली उलगडली. नंबरच नंबर. मग नावाच्या रकान्यात पहिलं अक्षर दाबलं, तर तीन संगीता, दोन सुरेश, एक सिद्धार्थ, बापाच्या नावासकट, आडनावांसकट. आधारच्या रकान्यातही तेच. मला वाटलं, आता कुणीतरी हरकत घेईल. पण माझ्या मागून वाकून बघणारी बाई एकदम खूश होऊन म्हणाली, "अगं बया, हे तर आमच्या ह्यांचं नाव!" सगळे हसले. मीही हसले. मुलाने यादी बाजूला सारून भाचीचं नाव टाइप केलं. आता तेही त्या यादीत आहे.

परतीच्या एसटीत काचेवरून पाणी गळत होतं आणि भाची दाखल्याच्या पावतीला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळत होती. मधेच म्हणाली, "मावशी, तू तर कॉम्प्युटरवालीच आहेस. माझ्या नव्या लॅपटॉपवर कुठला ब्राउझर टाकू? सेफ कुठला?" पुण्यात बसून दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यावर माझं घर चालतं. तरी मी म्हटलं, "तसं एका शब्दात नाही गं सांगता येत." ती वैतागली. "तुम्हा लोकांना काहीच सरळ सांगता येत नाही." आणि तिने कानात हेडफोन घातले.

ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून गेलं नाही.

आमच्या वेळी हा प्रश्न पडतच नसे. सायबर कॅफेत प्लायवूडच्या आडोशाआड एक निळा 'ई' असायचा, त्यावर दोनदा टिचकी मारली की इंटरनेट सुरू. कीबोर्डवरची अक्षरं पुसलेली, माउसखाली कळकट पॅड. पत्त्याच्या पट्टीत एक अक्षर टाकलं की आधीचं गिऱ्हाईक कुठे कुठे जाऊन आलं ते सगळं खाली दिसायचं, आणि आपण ते वाचायचो, खोटं कशाला बोला. सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी 'इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसते' अशी ओळ असे. निवड करायची असते हे ठाऊक व्हायच्या आधीच निवड झालेली होती. मायक्रोसॉफ्टवर अमेरिकेत १९९८ मध्ये खटला झाला तो याच कारणाने, विंडोजबरोबर हाच ब्राउझर गळ्यात बांधला म्हणून, हे मला फार उशिरा समजलं.

गावाकडे तर त्या निळ्या 'ई'चीही ओळख नव्हती. तिथे इंटरनेट म्हणजे यूसी, एका चिनी कंपनीचा ब्राउझर. माझ्या बहिणीचे यजमान कांदा करतात. त्यांच्या फोनवर टूजीची रेंज शेताच्या एका विशिष्ट बांधावरच यायची, आणि त्या बांधावर उभं राहून ते यूसी ब्राउझर उघडायचे. तो पानं आपल्या सर्व्हरवर आवळून लहान करून पाठवायचा, म्हणून रिचार्ज पुरायचा. क्रिकेटचा स्कोअर, बाजारभाव, भजनांचे व्हिडिओ, सगळं त्यातच. एके काळी भारतातल्या मोबाइलवर यूसीने गूगलच्या क्रोमलाही मागे टाकलं होतं, ते अशा बांधांवर उभ्या राहिलेल्या माणसांमुळे. पुढे २०१५ च्या मे महिन्यात टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅब या संशोधन गटाने तो उघडून तपासला. चिनी आवृत्तीतून फोनचे आणि सिमचे ओळखक्रमांक उघड्यावरून जात होते. इंग्रजी आवृत्तीतून माणूस काय शोधतोय ते शब्द कुठलंही कुलूप न लावता जात होते. त्याहून मला लागलेली गोष्ट दुसरीच. हे छिद्र पाश्चात्त्य देशांच्या हेरखात्यांना आधीच सापडलं होतं आणि त्यांनी ते कुणाला न सांगता स्वतःसाठी वापरायचं ठरवलं होतं. अमेरिकेच्या हेरखात्याची गुपितं फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेनने बाहेर काढलेल्या कागदांतून ते उघड झालं. म्हणजे चोरी करणारा एक आणि ती बघत गप्प बसणारे दुसरे. मध्ये बांधावरचे भाऊजी.

मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते मनापासून हसले. "चीनला कळून काय करणार? माझ्या कांद्याचा भाव?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता वाटतं, चीनला नसेल, पण ज्या व्यापाऱ्याला कांदा घालायचा आहे त्याला मात्र हे कळायला आवडेल की हा माणूस रात्री अकरा वाजता कर्जाच्या हप्त्याबद्दल शोधत होता. अशा माणसाला घासाघीस करता येत नाही. २९ जून २०२० ला सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली, त्यात यूसीही गेला. भाऊजींना दुःख झालं ते उतरवून ठेवलेल्या भजनांचं. तोवर जिओमुळे डेटा स्वस्त झालेला होताच, त्यांनी फोनबरोबर आलेला क्रोम उघडला आणि पुढे चालू लागले. पुन्हा निवड झाली, पुन्हा त्यांनी केली नाही.

आणि क्रोम वाईट आहे का? इथेच भाचीला एका शब्दात उत्तर देता येत नाही. सुरक्षा आणि खासगीपणा या दोन गोष्टी आपण एका दमात बोलतो, पण त्या वेगळ्या आहेत आणि कधीकधी एकमेकींकडे पाठ करून उभ्या असतात. सुरक्षेत क्रोमने केलेलं काम मी माझ्या धंद्यातून पाहिलेलं आहे. २००८ मध्ये तो आला तोच प्रत्येक टॅब वेगळ्या खोलीत कोंडण्याची कल्पना घेऊन. २०१८ च्या सुरुवातीला स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली खोट जाहीर झाली आणि त्याच वर्षी क्रोमने प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र प्रक्रियेत टाकलं, म्हणजे एका टॅबमधल्या भामट्या पानाला दुसऱ्या टॅबमधल्या बँकेच्या आठवणीत डोकावता येऊ नये. डेस्कटॉपवर फायरफॉक्सला तिथे पोचायला २०२१ संपत आलं. अँड्रॉइड फोनवर तर क्रोमच्या भिंती जास्त भक्कम आहेत असं या कामातली बरीच माणसं आजही सांगतात, आणि मला ते पटतं.

पण भिंती ज्याने बांधल्या तो घरातच राहतो. क्रोमच्या खासगी खिडकीवरचं, इन्कॉग्निटोचं, ते टोपी-चष्म्याचं चित्र आठवा. त्या खिडकीत काय चालतं याची नोंद होतेच म्हणून २०२० मध्ये अमेरिकेत दावा लागला आणि २०२४ मध्ये तडजोडीत गूगलने अब्जावधी नोंदी पुसायचं कबूल केलं. त्याच सुमाराला त्या काळ्या पानावरचा मजकूर बदलला. आता तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं की संकेतस्थळं आणि त्यांच्या सेवा, गूगलसुद्धा, माहिती गोळा करतात त्यात याने फरक पडत नाही. वाक्य खरं आहे. फक्त ते लिहायला कोर्टात जावं लागलं. माग काढणाऱ्या परक्या कुकीजचंही, म्हणजे आपण न उघडलेली संकेतस्थळंही आपल्या ब्राउझरमध्ये ठेवून जातात त्या खुणेच्या चिठ्ठ्यांचंही, तसंच. जानेवारी २०२० मध्ये गूगलवाले म्हणाले, दोन वर्षांत बंद करू. मग पुढे, मग आणखी पुढे, आणि जुलै २०२४ मध्ये म्हणाले, राहू द्या. ॲपलच्या सफारीने मात्र त्या मार्च २०२० मध्येच बंद करून टाकल्या होत्या. ज्याचं पोट जाहिरातींवर आहे त्याच्याकडून जाहिरातवाल्यांचे डोळे बांधायची अपेक्षा ठेवणं हा आपलाच भाबडेपणा.

एवढं सगळं वाचूनही मला नोंद होण्याचा राग येत नाही, हे मला एकदा नाशिकमध्ये कळलं. वडील गेले तेव्हा रामकुंडावर गेलो होतो. क्षेत्रोपाध्यायांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि आतून एक लांबट, कापडात बांधलेली वही आणली. कापूर, ओलं धोतर आणि जुना कागद यांचा वास. पानं उलटता उलटता त्यांचं बोट थांबलं. आजोबांची सही. मोडीत. शाई जांभळट पडलेली. त्याखाली पणजोबा कुठल्या साली, कुणाकुणाबरोबर आले होते ते. मी आजोबांना कधी पाहिलेलं नाही. त्या सहीवर बोट ठेवून बहीण रडली, मग मीही. मग त्यांनी आमची नावं विचारून खाली लिहिली, भाची तेव्हा लहान होती, तिचंही. आम्हाला वाचून दाखवलं, सही घेतली. एका परक्या घरात आमच्या चार पिढ्यांची माहिती आहे आणि मला त्याचं बरंच वाटतं.

मग ब्राउझरने तेच केलं तर पोटात खड्डा का पडतो? नंतर पुष्कळ विचार केला. वहीत आपल्यासमोर लिहिलं जातं. काय लिहिलं ते वाचता येतं. आणि चूक असेल तर, "अहो, काकूंचं नाव शांता नाही, शालिनी," असं म्हणता येतं. दक्षिणा किती दिली हेही दिसतं, म्हणजे वही सांभाळणाऱ्याचं घर कशावर चालतं ते लपलेलं नसतं. मला ओळखू नका असं माझं म्हणणं नाहीच. वही बघू द्या, एवढंच आहे.

त्या नजरेने पाहिलं तर कुठलाच ब्राउझर सोवळा निघत नाही. फायरफॉक्स मी कित्येक वर्षं वापरते. तो चालवणाऱ्या मोझिलाचं बहुतेक उत्पन्न गूगलकडून येतं, फायरफॉक्समध्ये शोधायला आधी गूगल समोर यावा याबद्दल. म्हणजे ज्याच्यापासून वाचायचं त्याच्याच पैशावर हे वाचवणं चाललं आहे. २०२५ मध्ये गूगलच्या मक्तेदारीवरच्या खटल्यात वॉशिंग्टनच्या कोर्टात मोझिलाच्या अर्थप्रमुखाने साक्षच दिली की हे पैसे थांबले तर आमचा धंदा बसू शकतो. सप्टेंबरमध्ये न्यायाधीश अमित मेहतांनी असे करार दुसऱ्या कुणाला वावच न ठेवणारे नसावेत म्हटलं, पण पैसे द्यायला बंदी केली नाही, तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. गूगलचे पैसे चालू राहावेत म्हणून मी देवाला हात जोडायचे म्हणजे काय.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मोझिलाने फायरफॉक्ससाठी पहिल्यांदाच वापराच्या अटी आणल्या. 'तुमची माहिती आम्ही कधीच विकणार नाही' अशा अर्थाचं एक वाक्य त्यांच्या पानावर होतं, ते काढून टाकलं. कारण सांगितलं ते वकिली: 'विकणे' याची कायद्यातली व्याख्या काही ठिकाणी फार पसरट आहे वगैरे. लोक खवळले, तेव्हा काही दिवसांत अटींची भाषा पुन्हा लिहिली. ते जुनं छातीठोक वाक्य काही परत आलं नाही. मी त्या आठवड्यात जवळजवळ फायरफॉक्स सोडणार होते. पण एक गोष्ट मला तिथेच धरून ठेवते. ते वाक्य खोडलंय हे लोकांना कळलं कसं? त्यांच्या संकेतस्थळाचा सोर्सकोड उघड्यावर असतो, त्यातल्या बदलाच्या नोंदीत काढलेली ओळ लाल रंगात दिसत होती. खाडाखोड लपवता आली नाही, कारण वही चावडीवर ठेवलेली होती. ब्रेव्हचंही असंच झालं होतं. जाहिराती अडवणारा हा ब्राउझर खासगीपणात खरोखर पुढे आहे. २०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या डग्लस लीथ यांनी सहा ब्राउझर मालकाला घरी काय काय कळवतात ते मोजलं, त्यात ब्रेव्ह सर्वांत मुका निघाला. त्याच वर्षी जूनमध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं की बायनान्स या क्रिप्टोच्या बाजाराचा पत्ता टाइप केला की ब्रेव्ह त्याच्या शेपटीला स्वतःच्या दलालीचा कोड चिकटवतो. ब्रेव्हचे प्रमुख ब्रेंडन आइक यांनी चूक कबूल केली, ते बंद केलं. पकडले जात नाहीत अशांपेक्षा पकडता येतात अशांकडे माझा ओढा आहे. मॅकवर सफारी चांगला आहे हे मी मानते, पण मला दर काही वर्षांनी एवढा महाग फोन आणि लॅपटॉप परवडत नाही, तेव्हा तो विषय तिथेच.

मग कुणीतरी म्हणतंच, आपला स्वदेशी ब्राउझर वापरा की. केंद्र सरकारने २०२३ मध्ये भारतीय ब्राउझरची स्पर्धा लावली, मार्च २०२५ मध्ये झोहो कंपनीच्या 'उला'ला पहिलं एक कोटीचं बक्षीस मिळालं. मी तो टाकून पाहिला. नीटनेटका आहे. आतलं इंजिन क्रोमचंच, क्रोमियम. स्पर्धेची एक अट मात्र मला झोंबते: ब्राउझरने भारत सरकारच्या प्रमाणपत्र नियंत्रकाची, म्हणजे सीसीएची, हमी मानली पाहिजे. प्रत्येक ब्राउझरच्या पोटात एक यादी असते, संकेतस्थळ खरं आहे हे कुणी सांगितलं तर मानायचं त्यांची. त्या यादीतलं एकच नाव फुटलं तरी तोतया पान खऱ्यासारखं उघडतं. २०११ मध्ये अशी हमी देणाऱ्या हॉलंडच्या डिजिनोटार कंपनीचं तसं झालं आणि इराणातल्या लोकांचं जीमेल उघडं पडलं. कंपनीचं दिवाळं वाजलं. आणि जुलै २०१४ मध्ये आपल्याच एनआयसीकडून, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून, गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाली. सीसीएची हमी विंडोजच्या यादीत होती म्हणून विंडोजवर ती खरी धरली गेली असती. फायरफॉक्सच्या स्वतःच्या यादीत सीसीए नव्हतंच, त्याचे वापरणारे वाचले. सीसीएने मग एनआयसीची प्रमाणपत्रं रद्द केली. देशप्रेम वेगळं आणि ही यादी वेगळी. तिच्यात कोण बसतं ते नात्यावरून ठरू नये.

पत्त्याच्या पट्टीतल्या ज्या कुलपाच्या चित्राकडे बघून आपण 'सेफ आहे' म्हणतो, त्याचा अर्थ गूगलच्या २०२१ मधल्या पाहणीत अवघ्या ११ टक्के लोकांना बरोबर सांगता आला. शेवटी २०२३ मध्ये क्रोमने ते कुलूप काढूनच टाकलं. माझ्या सोसायटीच्या ग्रुपवर मात्र 'हिरवं कुलूप बघूनच पैसे भरा' हा मेसेज अजून फिरतो.

दाखला आणायला पुन्हा त्या केंद्रात गेले तेव्हा गर्दी कमी होती. मी त्या मुलाला म्हटलं, दादा, ही यादी पुसता येते, दोन मिनिटांचं काम आहे, मी करून देऊ? त्याने चहाचा कप खाली ठेवला. "मॅडम, पुसू नका. म्हाताऱ्यांना स्वतःचा नंबर पाठ नसतो. दर सहा महिन्यांनी येतात, पेन्शनला, रेशनला. मी एक आकडा दाबतो आणि त्यांचं काम होतं." खोटं बोलत नव्हता. त्याच्या त्या यादीवर कितीतरी घरांची चूल अडून आहे. आणि तोच कॉम्प्युटर उद्या दुरुस्तीला गेला, विकला गेला, तर तीच यादी कुणाच्या हाती जाईल, हेही खरं आहे. मी काही बोलले नाही. दाखला पिशवीत घालून निघाले.

भाचीला शेवटी उत्तर दिलं ते असं: लॅपटॉपवर फायरफॉक्स, त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन, बाकी एकही एक्सटेन्शन, म्हणजे ब्राउझरला लावायची जोड, नाही. एक्सटेन्शनची भीती मला ब्राउझरपेक्षा जास्त वाटते. अँटीव्हायरसवाल्या अवास्टने सुरक्षेच्या नावाखाली लोकांच्या भटकंतीच्या नोंदी गोळा करून विकल्या, २०२४ मध्ये अमेरिकेत त्याबद्दल १ कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागले. फोनवर बँकेपुरता क्रोम, बाकीला फायरफॉक्स. "दोन दोन कशाला?" तिने विचारलंच. पासवर्ड, हॉस्टेल, प्रवेशाचे फॉर्म एका ठिकाणी आणि उगाच केलेली भटकंती दुसऱ्या ठिकाणी, असं मी सांगितलं. तिला अर्धवटच पटलं. मलाही तेवढंच पटलेलं आहे.

एक गोष्ट तिला सांगायची राहिली. कुकीज पुसल्या तरी ब्राउझर ओळखता येतो: पडद्याचा आकार, फॉन्ट, वेळेचा पट्टा, भाषा, यांच्या गोळाबेरजेवरून. २०१० मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थेने तपासलेल्या ब्राउझरांपैकी ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले होते. माझा तर निघणारच. माझ्या फायरफॉक्सची भाषा मराठी आहे, आणि तो प्रत्येक संकेतस्थळाला दारातच सांगतो की पानं मराठीत असतील तर आधी ती द्या. असं सांगणारे जगात फार थोडे. ओळख लपवण्यासाठीच बनवलेला टॉर ब्राउझर तर विचारतोच, पानं इंग्रजीत मागू का, खासगीपणा वाढेल. टॉरमध्ये मी हो म्हणते, तिथे गर्दीत मिसळायलाच गेलेली असते. रोजच्या ब्राउझरमध्ये मराठी काढलेली नाही, आणि मला ते परवडत नाही असंही अजून वाटलेलं नाही. त्यातलं मराठी जागोजागी अडखळतं, काही वाक्यं तर शासकीय परिपत्रकातून उचलल्यासारखी आहेत. पण ती स्वयंसेवकांनी फुकट केलेली आहेत, आणि कुठली ओळ कुणी लिहिली, कुणी बदलली, कुणी नाकारली, हे मोझिलाच्या पॉन्टून या भाषांतराच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. मागे मी तिथे खासगी खिडकीच्या पानावरच्या एका वाक्यासाठी सूचना टाकली. माझ्या नावासकट ती तिथे दिसते आहे. मंजूर अजून झालेली नाही.